भाभा, कोसंबी आणि टीआयएफआर: १९६२ साली न वाढलेलं एक कॉन्ट्रॅक्ट

मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चने, म्हणजे टीआयएफआरने, १९६२ साली गणिताचे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. घटना एवढीच. पण तिच्यामागे सोळा-सतरा वर्षांचा सहवास आहे, दोन अफाट बुद्धीची आणि तितक्याच कडक स्वभावाची माणसं आहेत आणि एक संस्था आहे जी बंगल्यातल्या काही खोल्यांपासून समुद्राकाठच्या देखण्या इमारतीपर्यंत गेली. या प्रकरणावर बोलताना लोक पटकन बाजू घेतात. काही जण म्हणतात कोसंबी मार्क्सवादी, त्यात अणुऊर्जेच्या विरोधात बोलायचे, म्हणून भाभांनी त्यांना काढलं. गणितातले लोक म्हणतात रीमन हायपोथिसिस या गणितातल्या न सुटलेल्या कोड्याची चुकीची सिद्धता छापली, मग दुसरं काय होणार होतं. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, कारण त्यात संस्था कशी बदलत गेली हे कुठेच येत नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी भाभा. होमी जहांगीर भाभा, जन्म १९०९, मुंबईचं श्रीमंत पारशी घर, टाटांशी नातं, शिक्षण केंब्रिजला. १९३९ मध्ये सुट्टीत भारतात आले आणि महायुद्ध सुरू झालं म्हणून परत जाता आलं नाही. मग बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कॉस्मिक, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या, किरणांवर काम सुरू केलं, तिथे तेव्हा सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, बत्तिशीही गाठली नव्हती तेव्हा, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं, त्यात मूलभूत संशोधनाची संस्था काढायची मागणी होती, आणि पुढच्या दोनेक दशकांत अणुऊर्जेपासून वीज निघायला लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, इथेच तयार असावेत, हेही होतं. तारीख बघा, हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधीचं पत्र आहे. म्हणजे या संस्थेच्या जन्मातच दोन गोष्टी एकत्र होत्या, शुद्ध विज्ञान आणि अणुऊर्जा. कोसंबींच्या प्रकरणात हा मुद्दा शेवटपर्यंत लागणार आहे.

संस्था जून १९४५ मध्ये बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईला पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. बंगला भाभांच्याच नात्यातला, त्याचा एक भाग संस्थेला मिळाला. तिथे मोजकीच माणसं होती आणि त्यातलं एक मोठं नाव म्हणजे कोसंबी.

कोसंबींचा जन्म १९०७चा, गोव्यातल्या कोसबेंचा. वडील धर्मानंद कोसंबी, बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक, ज्यांनी पाली शिकण्यासाठी घरदार सोडून सिलोनपर्यंत मजल मारली. वडील हार्वर्डला पाली ग्रंथाच्या कामासाठी गेले तेव्हा हा मुलगाही बरोबर गेला, तिथेच शाळा झाली आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधूनच उत्तम गुणांनी पदवी घेऊन तो परत आला. मग बनारस, मग अलीगढ. अलीगढला बोलावणारा कोण, तर आंद्रे वेल! विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक, तेव्हा पंचविशीतला पोरगा आणि अलीगढच्या गणित विभागाचा प्रमुख. त्याच्याच सांगण्यावरून कोसंबींनी 'बुर्बाकी' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका गणितज्ञाच्या प्रमेयावर गंमत म्हणून एक पेपर लिहिला, आणि पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने तेच नाव घेऊन जग गाजवलं. नंतर १९३३ पासून बारा वर्षं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं. या काळातलं काम फार मोलाचं आहे, १९४३ मध्ये त्यांनी रँडम बदलणाऱ्या गोष्टी सोप्या घटकांत फोडून बघायची जी पद्धत मांडली ती पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर गेली, आता निदान काही ठिकाणी त्यांचं नाव आधी लावतात. आणि १९४४ मध्ये जनुकशास्त्रातला कोसंबी मॅप फंक्शन आला, क्रोमोसोमवर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते काढायचं सूत्र, जे पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारी मंडळी आजही सॉफ्टवेअरमध्ये ऑप्शन म्हणून निवडतात, त्यातल्या कितीजणांना माहीत असतं की हा माणूस कोसबेंचा, देव जाणे.

तर अशा माणसाला भाभांनी बोलावलं. भाभांचं धोरण ठरलेलं होतं. जर्मनीतल्या कैसर विल्हेल्म सोसायटीचा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता, की आधी इमारत आणि पोस्ट काढून मग माणसं भरायची नाहीत, आधी उत्तम माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा. त्याच काळात शांतिस्वरूप भटनागर सीएसआयआरच्या, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय प्रयोगशाळा धडाधड उभ्या करत होते, तिकडे पद्धत बरोबर उलटी होती. मला भाभांची पद्धत मनापासून आवडते, टीआयएफआरमधून जे निघालं ते त्याच पद्धतीमुळे निघालं. पण तिच्यात एक धोका आहे. सगळं एका माणसाच्या पारखीवर चालतं, आणि ज्याला पारखून आणलंय त्याच्याबद्दलचं मत बदललं तर मधे काहीच नसतं, ना नियम, ना समिती, ना दुसरं दार.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली असं दिसतं. १९४८-४९ मध्ये कोसंबी युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेत गेले, तेव्हा नव्याने येत असलेल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरांचा अभ्यास करायला. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत राहिले, आइन्स्टाइनना भेटले, शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवून आले. १९४९ मध्ये संस्था केनिलवर्थमधून गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली.

आणि त्याच वर्षी प्रिन्स्टनहून के. चंद्रशेखरन टीआयएफआरमध्ये आले. इथे गोष्ट वळते. चंद्रशेखरन आणि त्यांच्यासोबत के. जी. रामनाथन यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत जे केलं त्याला भारतात तोड नाही. तरुण पोरं निवडायची, त्यांना कडक ट्रेनिंग द्यायचं, सिगल, लॉरां श्वार्त्झ अशा जगातल्या अव्वल गणितज्ञांना बोलावून महिनोन्महिने लेक्चर ठेवायची, पोरांनी त्या लेक्चरच्या नोट्स काढायच्या, त्या छापायच्या. एम. एस. नरसिंहन, सी. एस. शेषाद्री, राघवन नरसिंहन, नंतर एम. एस. रघुनाथन, ही सगळी या शाळेतून तयार झालेली माणसं. १९५६ मध्ये मुंबईत टीआयएफआरने झीटा फंक्शनवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि तिथे आट्ले सेल्बर्ग या मोठ्या गणितज्ञाने आपलं ट्रेस फॉर्म्युल्यावरचं काम मांडलं. झीटा फंक्शन हे मूळ संख्यांशी जोडलेलं एक फंक्शन, म्हणजे रीमन हायपोथिसिसचं माहेरघरच. हे लक्षात ठेवा.

म्हणजे पन्नाशीच्या दशकात संस्थेत गणित म्हणजे काय याचं एक ठाम, अतिशय उंच आणि बरंचसं अरुंद माप तयार झालं, आणि त्या मापात कोसंबी बसत नव्हते. ते शाळा उभी करणाऱ्यातले नव्हते. विद्यार्थ्यांची फळी तयार केली नाही. त्यांचं डोकं दहा दिशांनी धावायचं. राहायचे पुण्यात, भांडारकर संस्थेच्या परिसरात, आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे, सकाळी जायचं संध्याकाळी परत. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये काढली, १९५७ मध्ये वि. वि. गोखल्यांबरोबर 'सुभाषितरत्नकोश' हार्वर्डच्या मालिकेत आणला, १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं ते पुस्तक आलं ज्याने इतिहास लिहायची रीतच बदलली. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालायचे, सूक्ष्म दगडी हत्यारं गोळा करायची, म्हसोबा-म्हातोबाची ठाणी, पालखीच्या वाटा, कार्ल्याचे शिलालेख बघायचे.

यातलं नाण्यांचं काम जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण त्यात गणितज्ञ कोसंबी आणि इतिहासकार कोसंबी एकाच टेबलावर बसलेले दिसतात. प्राचीन चांदीची आहत नाणी, ज्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. त्यांचा काळ कसा लावायचा? कोसंबी म्हणाले वजन करा. नाणं हातोहाती फिरतं तेव्हा दरवेळी किंचित धातू झिजतो, एका नाण्यावरून काही कळत नाही पण एकाच वेळी पाडलेली शेकडो नाणी घेतली तर सरासरी वजन काळाबरोबर उतरत जातं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो. मग त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यातली नाणी एकेक करून तराजूवर घातली, गट पाडले, आणि मागच्या बाजूला बारीक ठसे जितके जास्त तितकं वजन कमी असा संबंध दाखवला, म्हणजे ते ठसे चलनात असताना वेळोवेळी तपासणी करून मारलेले असणार. आणि पद्धत खरी आहे ना हे बघायला आपल्या रोजच्या वापरातली चालू नाणीसुद्धा हजारोंनी तोलली! हे काम कुणी शिष्याने केलेलं नाही, ते स्वतः बसून केलेलं आहे. असा माणूस गणित विभागाच्या वार्षिक अहवालात कुठल्या मथळ्याखाली घालायचा, हा प्रश्न संस्थेपुढे खरंच असणार, तो मला समजतो.

आता अणुऊर्जा. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला, अध्यक्ष भाभा. १९५४ मध्ये अणुऊर्जा खातं झालं, सचिव भाभा. टीआयएफआरचे डायरेक्टर तर तेच. १९५५-५६ पासून संस्थेच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकारकडून, अणुऊर्जा खात्यामार्फत यायला लागला. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा रिअ‍ॅक्टर चालू झाला. आणि नेमक्या याच वर्षांत कोसंबी जाहीरपणे, लेख लिहून, व्याख्यानं देऊन सांगत होते की भारताने सूर्याकडे वळावं. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबात अणुऊर्जेवर त्यांनी भाषण दिलं. त्यांचा युक्तिवाद असा, की अणुवीज महाग, यंत्रसामग्री बाहेरची, एका जागी तयार करून लांब तारा ओढायच्या, किरणोत्सर्गी कचऱ्याचा धोका वेगळा, आणि आपल्याकडे वर्षातले आठ महिने फुकट ऊन पडतं जे खेडोपाडी जागेवरच वापरता येईल, तर संशोधनाचा पैसा तिकडे का लावत नाही. शिवाय ते जागतिक शांतता चळवळीत होते, अण्वस्त्रांच्या विरोधात होते, रशिया-चीनला परिषदांना जायचे. आजच्या घडीला, राजस्थानातली मैलोन्मैल सोलर पॅनल बघितल्यावर, त्यांचं म्हणणं किती पुढचं होतं ते कुणालाही कळेल. पण तेव्हा सोलर सेल प्रचंड महाग होते हेही खरं, आणि भाभांच्या बाजूने बघितलं तर ज्या कार्यक्रमावर त्यांनी आयुष्य लावलं त्यावर त्यांच्याच संस्थेतला प्राध्यापक भर सभेत टीका करत होता.

तरीपण नुसत्या राजकारणामुळे काढलं हे मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे बर्नार्ड पीटर्स. पीटर्स कॉस्मिक किरणांमधला नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ, डाव्या विचारांचा, ओपनहायमरचा विद्यार्थी. अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालली होती त्या काळात ओपनहायमरनेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि त्याला अमेरिकेत राहणं कठीण झालं. त्याला १९५१ मध्ये कुणी जागा दिली तर भाभांनी, टीआयएफआरमध्ये! कॉस्मिक किरणांचा गट त्याने वाढवला, देवेंद्र लालसारखी माणसं त्याच्या हाताखाली घडली. म्हणजे डावा आहे म्हणून भाभा कुणाला दारातून परत पाठवत नव्हते. कोसंबींचे विचारही त्यांना नेमताना लपलेले नव्हते. फरक असा की पीटर्सचं काम भाभांच्या आवडीच्या विषयात होतं आणि संस्थेचं नाव वाढवणारं होतं. कोसंबींच्या बाबतीत विरोध उघड होता आणि त्याच वेळी गणितातलं वजन विभागाच्या नजरेत उतरत चाललं होतं. यातली एकच गोष्ट असती तर भाभांनी ती पोटात घातली असती असं मला वाटतं. दोन्ही एकदम आल्या.

आणि मग रीमन. १९५९च्या सुमारास कोसंबींनी इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्सच्या जर्नलमध्ये संभाव्यतेच्या मार्गाने एक पेपर छापला, त्यातून रीमन हायपोथिसिस सिद्ध होतो असा दावा होता. रीमन हायपोथिसिस म्हणजे २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत याबद्दलचं १८५९ सालचं विधान, जे आजतागायत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. कोसंबींची कल्पना अशी की मूळ संख्यांकडे जणू एखाद्या रँडम प्रक्रियेतून आलेला नमुना म्हणून बघायचं आणि संख्याशास्त्राची हत्यारं लावायची. कल्पना सुंदर आहे, त्या अंगाने विचार करणं गणितात चालतंही. पण सिद्धता म्हटलं की तिथे खड्डा पडतो. नाणं अनंत वेळा उडवलं तर निम्मे छापे पडणार हे जवळजवळ निश्चित, म्हणजे तसं न होणाऱ्या मालिकांची संभाव्यता शून्य, पण अशा मालिका असतात तर खऱ्या. मूळ संख्यांची मालिका एकच आहे, ठरलेली आहे, ती त्या अपवादांत बसत नाही हे वेगळं दाखवावं लागतं, आणि तेच तर सगळ्यात अवघड काम. शेतीसंख्याशास्त्राचं जर्नल आपल्या विषयात चांगलं, पण तिथे झीटा फंक्शन तपासणारं कोण असणार.

आता विचार करा, ज्या संस्थेने तीनच वर्षांपूर्वी सेल्बर्गला बोलावून झीटा फंक्शनवर जगाची परिषद भरवली, तिच्याच प्राध्यापकाच्या नावावर ही सिद्धता. सहकाऱ्यांना ते किती लागलं असेल. चूक होती, मोठी होती, आणि लोकांनी दाखवल्यावरही कोसंबी त्या मार्गावरून हटले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा, इतरांच्या चुकांवर ते फाडकन बोलायचे आणि स्वतःच्या बाबतीत माघार घेणं त्यांना जमत नव्हतं. इथे मी त्यांची बाजू घेणार नाही. ज्यांनी नाणी एकेक करून तोलली, पुरावा म्हणजे काय हे इतिहासकारांना शिकवलं, त्यांनी गणितात पुराव्याची फट अशी सोडावी याचं वाईट वाटतं.

१५ जानेवारी १९६२ला नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. पायाभरणीही नेहरूंनीच १९५४ मध्ये केली होती. शिकागोचे वास्तुविशारद हेल्मुट बार्ट्श, समोर समुद्र, हिरवळ, आत हुसेनचं भलंमोठं म्युरल, भिंतीभिंतीवर त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रं, कारण भाभा स्वतः चित्रकार आणि संस्थेत चित्रं असलीच पाहिजेत हा त्यांचा आग्रह. संस्थेने स्वतः बनवलेल्या कॉम्प्युटरला नेहरूंनी टीआयएफआरएसी हे नाव दिलं तेही त्याच वर्षी. ज्या यंत्रांचा अभ्यास करायला कोसंबी युनेस्कोच्या फेलोशिपवर गेले होते, संस्थेतल्या तशा यंत्राचं बारसं झालं त्याच वर्षी ते बाहेर पडले.

निर्णय चूक होता का? गणित विभागाचे प्राध्यापक म्हणून ठेवायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. चंद्रशेखरन जी शाळा उभी करत होते तिला कडक माप लागणारच होतं, आणि ते माप ढिलं केलं असतं तर नरसिंहन-शेषाद्रींचं काम कदाचित झालं नसतं. पण पर्याय नव्हता असं म्हणणं मला मान्य नाही. त्याच १९६२ मध्ये भाभांनी ओबेद सिद्दिकींना बोलावून रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला, पुढच्या वर्षी गोविंद स्वरूप स्टॅनफर्डहून आले आणि रेडिओ खगोलशास्त्राला सुरुवात झाली, ज्यातून उटीची दुर्बीण आणि पुढे नारायणगावजवळची जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण झाली. म्हणजे माणूस बघून नवा विषय उघडायची ताकद आणि पैसा दोन्ही संस्थेत होतं. मॅप फंक्शन लिहिणाऱ्या आणि नाण्यांचं संख्याशास्त्र उभं करणाऱ्या माणसासाठी एक खोली, एक-दोन तरुण सहकारी आणि 'गणित' सोडून दुसरं काहीही नाव, एवढं पुरलं असतं. ते झालं नाही कारण ते करायचं तर भाभांनाच करावं लागलं असतं, आणि भाभांचं मन उडालं होतं. दुसरं कुणी विचार करणारं संस्थेच्या रचनेतच नव्हतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आणि असं करता येत होतं याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. १९६४ मध्ये सीएसआयआरने, म्हणजे ज्या सरकारी चौकटीपेक्षा टीआयएफआर मोकळी समजली जायची त्या चौकटीने, कोसंबींना एमेरिटस सायंटिस्ट केलं आणि आघारकरांनी पुण्यात काढलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना जागा मिळाली. मधल्या काळात, १९६३ मध्ये, मूळ संख्यांवरचा त्यांचा एक पेपर अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला, यावेळी सिद्धतेच्या थाटात नाही तर नमुन्यांच्या वितरणाबद्दल. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक १९६५ मध्ये लंडनहून निघालं, जे आज जगभर वाचलं जातं.

भाभा २४ जानेवारी १९६६ला माँ ब्लांवर कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानात गेले, छप्पन वर्षांचे होते. कोसंबी त्याच वर्षी २९ जूनला पुण्यात गेले, अठ्ठावन्न वर्षांचे, आणि मूळ संख्यांवरचं त्यांचं काम शेवटपर्यंत चालूच होतं.